सँडी कोफॅक्स, डावखुऱ्या पिचरची बारा वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉस एंजेलिसला संध्याकाळी सातनंतर सुरू होणारा डॉजर्सचा सामना आपल्याकडे सकाळी पावणेआठच्या सुमारास लागतो. चहा, पोहे आणि बेसबॉल अशी माझी बरीचशी सकाळ जाते. बाजूला बसलेले क्रिकेटवाले आधी खेळाचे नियम विचारतात. मग मी तोंड उघडलं की एकच नाव निघतं, म्हणून त्या माणसाबद्दल विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले, तेव्हा उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

सँडी कोफॅक्स कोण?

न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये ३० डिसेंबर १९३५ रोजी जन्मलेला डावखुरा पिचर. १९५५ ते १९६६ अशी बारा वर्षं एकाच संघाकडून, डॉजर्सकडून खेळला. हा संघ आधी ब्रुकलिनचा होता, १९५८ पासून लॉस एंजेलिसचा झाला. कोफॅक्सनं १६५ सामने जिंकले, ८७ हरले (बेसबॉलमध्ये जय-पराजय पिचरच्या नावावरही मांडतात) आणि २,३९६ बॅटरना स्ट्राइकआउट केलं. कारकिर्दीतला सर्वांत चांगला हंगाम संपवून, वयाच्या तिसाव्या वर्षी तो थांबला.

बारा वर्षांचे दोन सारखे तुकडे पाडले, तर दोन वेगळ्या माणसांची कारकीर्द वाचतोय असं वाटतं. पहिल्या सहा वर्षांत ३६ विजय आणि ४० पराभव. पुढच्या सहा वर्षांत १२९ विजय आणि ४७ पराभव. खाली जे काही लिहिलंय, ते या दोन ओळींमध्ये काय घडलं याबद्दलच आहे.

पिचर म्हणजे आपला बोलरच ना?

काम तेच, बॅटरला बाद करणं. पण पद्धत फार वेगळी. पिचरला धावत येता येत नाही. मैदानाच्या मधोमध मातीचा उंचवटा असतो, त्याला माउंड म्हणतात. त्यात पुरलेल्या रबराच्या पट्टीवर पाय टेकवून तो चेंडू फेकतो. समोरची होम प्लेट १८.४४ मीटरवर असते. चेंडू टप्पा न पडता थेट जायला हवा. बोलरला कोपर सरळ ठेवावं लागतं, पिचर मात्र कोपर वाकवून झटक्यानं उलगडतो. सगळी ताकद पायातून, कमरेतून, खांद्यातून येते आणि शेवटचा ताण कोपरावर पडतो. हे कोपर लक्षात ठेवा, पुढे त्याच्याच भोवती सगळं फिरणार आहे.

आणखी एक मोठा फरक असा की षटक संपलं म्हणून दुसऱ्या टोकाकडून कुणी येत नाही. त्या काळी सामना सुरू करणारा पिचर बरेचदा सगळ्या नऊ इनिंग (दोन्ही संघांना आळीपाळीनं मिळणारे छोटे डाव) स्वतःच टाकायचा, म्हणजे एका संध्याकाळी शंभर-सव्वाशे चेंडू, तेही पूर्ण जोरानं. मग तीन किंवा चार दिवस विश्रांती आणि पुन्हा तेच. हंगाम एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालायचा.

त्याचे आकडे वाचायचे कसे?

तीन शब्द कळले की पुरे. स्ट्राइकआउट म्हणजे पिचरनं बॅटरला एकट्याच्या जिवावर बाद करणं, बोल्डसारखं, क्षेत्ररक्षकाची मदत न घेता. वॉक म्हणजे पिचरनं चार चेंडू बाहेर टाकले म्हणून बॅटरला फुकटात पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तीन थांब्यांपैकी पहिला, मिळणं. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरनं किती धावा दिल्या, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या सोडून. ईआरए तीन असेल तर पिचर उत्तम, दोनच्या खाली गेला तर वर्षानुवर्षं आठवण निघते. कोफॅक्स पूर्ण हंगाम खेळूनही तीनदा दोनच्या खाली होता: १९६३ मध्ये १.८८, १९६४ मध्ये १.७४ आणि १९६६ मध्ये १.७३. १९६२ ते १९६६ अशी सलग पाच वर्षं नॅशनल लीगमध्ये (दोन मोठ्या लीगपैकी डॉजर्स जिच्यात खेळतात ती) त्याच्यापेक्षा कमी ईआरए कुणाचाच नव्हता.

तो थेट मोठ्या लीगमध्ये कसा आला?

ही गोष्ट त्याच्या फायद्याची कमी आणि तोट्याची जास्त आहे. शाळेत तो बास्केटबॉलसाठी ओळखला जायचा. सिनसिनाटी विद्यापीठातही आधी बास्केटबॉलच होतं, बेसबॉल मागाहून आला. त्याच्या हाताचा वेग बघून डॉजर्सनी १९५४ च्या डिसेंबरात करार केला: १४,००० डॉलर बोनस आणि ६,००० डॉलर पगार.

तेव्हा नियम असा होता की ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेल्या मुलाला पहिली दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, शिकायला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, पाठवायचं नाही. श्रीमंत संघांनी पैशाच्या जोरावर सगळी गुणी मुलं गोळा करून ठेवू नयेत, हा त्यामागचा हेतू. झालं असं, की ज्या पोरानं दर चौथ्या दिवशी लहानशा गावच्या मैदानावर चेंडू टाकून चुका करायला हव्या होत्या, तो विजेत्या संघाच्या बाकावर बसून राहिला. १९५५ मध्ये त्याला फक्त १२ सामन्यांत चेंडू मिळाला. त्याच्यासाठी संघात जागा करायला ज्या पिचरला खाली पाठवलं त्याचं नाव टॉमी लसोर्डा. पुढे हाच लसोर्डा डॉजर्सचा गाजलेला मॅनेजर, म्हणजे मैदानावरचे निर्णय घेणारा मुख्य प्रशिक्षक, झाला.

त्या वर्षी डॉजर्सनी यांकीजना हरवून ब्रुकलिनला पहिलीवहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकून दिली. कोफॅक्सला एकही चेंडू टाकायला मिळाला नाही. शेवटचा सामना संपल्यावर तो कोलंबिया विद्यापीठात आपल्या वर्गाला गेला. तिथे तो वास्तुरचना शिकत होता.

पहिली सहा वर्षं इतकी सामान्य का गेली?

गुण नव्हता म्हणून नाही. १९५५ च्या ऑगस्टमध्ये त्यानं पहिला विजय मिळवला तो सिनसिनाटीला एकही धाव न देता, १४ स्ट्राइकआउट करून. १९५९ च्या ऑगस्टमध्ये जायंट्सविरुद्ध एका सामन्यात १८ स्ट्राइकआउट केले आणि बॉब फेलरच्या विक्रमाशी बरोबरी केली. वेग होता, फक्त चेंडू कुठे जाईल हे त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं. १९५८ मध्ये लीगमध्ये सगळ्यात जास्त वाइल्ड पिच, म्हणजे बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्याही हाती न लागणारे चेंडू, त्याचे होते. १९६० मध्ये १७५ इनिंगमध्ये त्यानं १०० बॅटरना वॉक दिला.

मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टनवर टीका करणारे म्हणतात की त्यानं या मुलावर विश्वास टाकला नाही. दोन वॉक गेले की काढून घ्यायचा, मग पुढचे पंधरा दिवस विचारायचा नाही. मला दोन्ही बाजू पटतात. संघ दर वर्षी जिंकायला उतरत होता, प्रयोगाला वेळ नव्हता. पण तिकडे मुलगा मनाशी म्हणत असणार, आज मिळालेली संधी आता महिनाभर मिळणार नाही, तेव्हा प्रत्येक चेंडू असेल नसेल त्या जोरानं टाकायचा. जोर लावला की अंग ताठायचं, चेंडू वर सुटायचा आणि पुन्हा बाकावर. गळ्यात फास बसल्यावर ओढून तो सुटत नाही, उलट आवळतो, तसं चाललं होतं.

१९६० चा हंगाम ८ विजय आणि १३ पराभवांवर संपला. त्यानं आपले बूट आणि हातमोजा कचऱ्याच्या पिंपात टाकले आणि निघून गेला. संघाच्या सामानाची देखभाल करणाऱ्या नोबे कवानोनं ते पिंपातून उचलून जपून ठेवले.

मग १९६१ मध्ये काय बदललं?

हा माझा आवडता प्रश्न.

हंगामाआधीचं सराव शिबिर फ्लोरिडात होतं. ऑरलँडोला दुय्यम संघाचा एक बिनमहत्त्वाचा सामना होता. संघातला दुसरा एक पिचर विमान चुकल्यामुळे आलाच नव्हता, त्यामुळे कोफॅक्सला बऱ्याच इनिंग टाकाव्या लागणार होत्या. पहिल्याच इनिंगमध्ये त्यानं वॉक देऊन तिन्ही बेस भरवले. नेहमीप्रमाणे तो चिडून आणखी जोरात फेकायला लागला. तेव्हा राखीव कॅचर नॉर्म शेरी माउंडवर गेला आणि त्याला समजावलं: जोर कमी कर, कर्व्ह टाक, मारू दे त्यांना. आज आपल्याला लवकर बाहेर जायचं नाहीये.

कोफॅक्सनं ऐकलं. तिथून पुढे त्या दिवशी सात इनिंगमध्ये त्यानं एकही हिट, म्हणजे बॅटरला सुखरूप बेसवर पोचवणारा फटका, दिली नाही. गंमत म्हणजे शेरीला जाणवलं की जोर कमी केल्यावर चेंडू आधीपेक्षा वेगानं येतोय. अंग सैल झालं की हात सुटा फिरतो. गायक गळा आवळत नाही तेव्हा सूर लागतो. कुठल्याही चांगल्या गुरूकडे शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही.

या एका दुपारनं सगळं झालं असं मात्र मी म्हणणार नाही. पिचिंग कोच जो बेकरनं त्याच्या हालचालीवर काम केलं होतं. संघाचा आकडेतज्ज्ञ ॲलन रॉथ प्रत्येक चेंडूची नोंद ठेवायचा आणि पहिला चेंडू स्ट्राइक, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यात, पडला तर बॅटर किती लुळा पडतो, हे त्यानं आकड्यांनी दाखवून दिलं होतं. शिवाय ऑल्स्टननं अखेर त्याला नियमानं चेंडू द्यायला सुरुवात केली. बोनसच्या नियमानं हिरावलेला सराव मिळायला सहा वर्षं लागली, असंही म्हणता येईल. त्या वर्षी त्यानं १८ सामने जिंकले आणि २६९ स्ट्राइकआउट करून क्रिस्टी मॅथ्यूसनचा १९०३ पासूनचा नॅशनल लीगचा विक्रम मोडला. दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, ३११ इनिंगमध्ये त्यानं फक्त ५८ वॉक दिले. १९६० च्या आकड्याशेजारी हा ठेवून बघा.

तो टाकायचा तरी काय?

मुख्यतः दोनच चेंडू. एक फास्टबॉल, उंच, बॅटरच्या छातीच्या आसपास. उलट्या फिरकीमुळे तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो, म्हणून बॅटरला तो वर उसळल्यासारखा वाटतो आणि बॅट खालून निघून जाते. दुसरा कर्व्हबॉल, घड्याळातल्या बारावरून सहावर पडावा तसा सरळ खाली कोसळणारा. त्याची बोटं विलक्षण लांब होती, चेंडूभोवती वळसा घालणारी, त्यामुळे फिरकी भरपूर मिळायची.

दोनच चेंडू असूनही बॅटर का फसायचे? दोन्ही चेंडू एकाच हालचालीतून, एकाच उंचीवरून सुटायचे. एक वर राहायचा, दुसरा जमिनीकडे जायचा. निर्णयाला अर्धा सेकंदही मिळत नाही.

१९६२ मध्ये बोटाला काय झालं होतं?

डाव्या हाताच्या तर्जनीतला रक्तपुरवठा बिघडला. बोट बधिर आणि पांढरं पडलं, पुढे कातडी सोलली. ३० जूनला त्यानं मेट्सविरुद्ध पहिला नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट न देता पूर्ण केलेला सामना, टाकला. पुढच्या महिन्यात तो दुखापतीमुळे बाहेर होता. संघ शेवटच्या टप्प्यावर घसरला आणि जायंट्सनी बाजी मारली. उपचारानं बोट वाचलं. पुढच्या वर्षी तो २५ जिंकून फक्त ५ हरला आणि वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात यांकीजच्या पहिल्या पाच बॅटरना ओळीनं स्ट्राइकआउट करून एकूण १५ जणांना परत पाठवलं. डॉजर्सनी ती सिरीज ४-० अशी जिंकली.

परफेक्ट गेम म्हणजे काय, आणि त्याच्या सामन्याचं एवढं कौतुक का?

नऊ इनिंग, सत्तावीस बॅटर, सगळे बाद. हिट नाही, वॉक नाही, चूक नाही, कुणी पहिल्या बेसवर पाय ठेवायचा नाही. दीडशे वर्षांच्या मेजर लीगमध्ये असे सामने पंचवीसही नाहीत.

कोफॅक्सचा ९ सप्टेंबर १९६५ चा, डॉजर स्टेडियमवरचा, शिकागो कब्जविरुद्ध. त्या रात्रीचं वेगळेपण समोरच्या पिचरमध्ये आहे. बॉब हेंडली, तोही डावखुरा. त्यानं डॉजर्सना सबंध सामन्यात एक हिट दिली, आणि धाव झाली ती त्या हिटवर नाहीच. पाचव्या इनिंगमध्ये लू जॉन्सनला वॉक मिळाला, बंटवर, म्हणजे बॅटनं हळूच ढकललेल्या चेंडूवर, तो दुसऱ्या बेसवर गेला, तिसरा बेस त्यानं चोरला, म्हणजे फटका नसतानाच धावून गाठला, आणि कॅचरची फेक चुकली म्हणून होम प्लेटवर पोचला. एक धाव, हिटशिवाय. दोन्ही संघांची मिळून पूर्ण सामन्यात एक हिट, तीही जॉन्सनचीच.

शेवटच्या सहाच्या सहा बॅटरना कोफॅक्सनं स्ट्राइकआउट केलं. एकूण १४. शेवटचा बॅटर हार्वी कीन. १९६३ मध्ये जायंट्सविरुद्धच्या त्याच्या नो-हिटरमध्येही शेवटचा बळी हाच होता. चार वर्षांत हा त्याचा चौथा नो-हिटर, तेव्हाचा विक्रम. रेडिओवर विन स्कली शेवटची इनिंग सांगत होता आणि मधेमधे घड्याळातली वेळ सांगत होता, ऐकणाऱ्याला आपण कुठल्या क्षणी जिवंत आहोत हे कळावं म्हणून. ध्वनिमुद्रण मिळालं तर डोळे मिटून ऐका. आपल्या आकाशवाणीच्या क्रिकेट समालोचनावर कान तयार झालेल्या माणसाला ते लगेच आपलं वाटतं.

वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना तो खेळलाच नाही, हे खरं?

खरं. १९६५ ची वर्ल्ड सिरीज मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध होती आणि पहिला सामना आला ६ ऑक्टोबरला, त्या दिवशी योम किप्पूर, ज्यूंचा सर्वांत पवित्र दिवस, होता. कोफॅक्स ज्यू. फार कर्मठ नव्हता, पण या दिवशी तो आधीच्या वर्षांतही चेंडू टाकत नव्हता आणि सामना वर्ल्ड सिरीजचा आहे म्हणून त्यानं वेगळं काही केलं नाही. गाजावाजा नाही, निवेदन नाही. त्याच्याऐवजी डॉन ड्राइसडेल उतरला आणि डॉजर्स ८-२ असे हरले. दुसऱ्या दिवशी कोफॅक्स उतरला, तोही हरला.

मराठी वाचकाला योम किप्पूर परका वाटायचं कारण नाही. रायगडच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिलेले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले गेलेले आपले बेने इस्राएली हाच दिवस पाळतात. पेणकर, नवगावकर अशी त्यांची आडनावं आणि घरातली भाषा मराठी. योम किप्पूरला त्यांच्या मराठीत नाव आहे दरफाळणीचा सण: दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, कडक उपास, बाहेरच्या जगाशी त्या दिवसापुरता संबंध नाही. मला हे नाव फार आवडतं. कोफॅक्सनं त्या बुधवारी काय केलं, हे इतक्या नेमकेपणानं दुसरा कुठलाही शब्द सांगत नाही. देशभर लाखो लोक सामना बघत होते आणि त्यानं दार लावून घेतलं होतं.

अमेरिकेतल्या ज्यू कुटुंबांना त्या दिवसाचं किती वाटलं, ते आजही सांगितलं जातं. १९३४ मध्ये हँक ग्रीनबर्ग या ज्यू खेळाडूनंही याच दिवशी खेळायला नकार दिला होता, पण वर्ल्ड सिरीजचा सामना सोडणं ही गोष्ट निराळी.

त्यानं पगारासाठी संप केला होता का?

संप म्हणजे दोघांचा. १९६६ च्या हंगामाआधी कोफॅक्स आणि ड्राइसडेल यांच्या लक्षात आलं की व्यवस्थापन एकाशी बोलताना दुसऱ्याचा दाखला देतं: तो एवढ्यात तयार आहे, तुला जास्त कशाला? मग त्यांनी ठरवलं, बोलायचं तर दोघांनी एकत्र, वकिलामार्फत. मागणी होती तीन वर्षांसाठी दोघांत मिळून दहा लाख डॉलरची. ३२ दिवस दोघं सराव शिबिराला गेले नाहीत. शेवटी एकेका वर्षाचे करार झाले, कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्राइसडेलला १,१०,००० डॉलर.

तेव्हा करारात अशी अट असायची की खेळाडू संघाला जन्माचा बांधलेला. संघानं सोडलं तरच सुटका. खेळायचं नाही, एवढाच अधिकार खेळाडूच्या हातात होता आणि या दोघांनी तो वापरला. ही अट मोडायला १९७५ चा डिसेंबर उजाडला. अँडी मेसरस्मिथ या डॉजर्सच्याच दुसऱ्या पिचरच्या प्रकरणात लवादानं खेळाडूच्या बाजूनं निकाल दिला.

त्याच्या कोपराला नेमकं काय झालं होतं?

१९६४ च्या ऑगस्टमध्ये मिलवॉकीला तो बेसवर धावपटू होता. परत बेस गाठायला त्यानं सूर मारला आणि डाव्या हातावर पडला. पुढचे दोन सामने जिंकलाही, दुसऱ्यात तर १३ स्ट्राइकआउट. मग एका सकाळी उठला तर कोपर गुडघ्याएवढं सुजलेलं, हात सरळ होईना. संघाचे डॉक्टर रॉबर्ट केर्लन यांनी निदान केलं: आघातामुळे आलेला संधिवात. कूर्चा झिजत चालली होती. हंगाम तिथेच संपला.

पडण्यानं सुरुवात झाली म्हणतात, पण मूळ कारण दहा वर्षांची फेक हेच असावं असं मला वाटतं. १९६५ च्या शिबिरात एका सामन्यानंतर हात आतल्या रक्तस्रावानं काळानिळा पडला. केर्लननी स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर एक दिवस हाताचा उपयोगच राहणार नाही. पुढची दोन वर्षं त्यानं कशी काढली ते ऐका. दोन सामन्यांमधला फेकीचा सराव बंद. सामन्याआधी खांद्याला आणि पाठीला मिरचीतल्या तिखटापासून केलेलं मलम, इतकं जळजळीत की शेजारच्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. वेदनेसाठी कोडीनच्या गोळ्या. सूज उतरायला फिनाइलब्यूटाझोन, जे घोड्यांना देतात आणि ज्यानं माणसाच्या रक्तावर आणि पोटावर वाईट परिणाम होऊ शकतो. कोपरात कॉर्टिसोनची इंजेक्शनं. सामना संपला की हात बर्फाच्या टबात.

डावा हात पूर्ण सरळ होईनासा झाला, म्हणून कोटाची डावी बाही आखूड करून घ्यावी लागली. आणि या हातानं त्यानं १९६५ मध्ये ३८२ स्ट्राइकआउट केले, १९६६ मध्ये ३२३ इनिंग टाकल्या आणि २७ सामने जिंकले.

शस्त्रक्रिया का केली नाही?

तेव्हा अशी शस्त्रक्रियाच नव्हती. केर्लन यांचे सहकारी डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉजर्सच्याच टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या हातातला स्नायूबंध काढून डाव्या कोपरात बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळून एकूण २८८ सामने जिंकला. आज या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे. कोफॅक्स दहा वर्षं नंतर जन्मला असता तर, असं लोक म्हणतात. पण झिजलेला सांधा आणि तुटलेला अस्थिबंध हे एकच दुखणं नाही, म्हणून ती शस्त्रक्रिया त्याला लागू पडली असती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

तिसाव्या वर्षी सोडून त्यानं चूक केली का?

नाही. यावर माझा वाद अनेकांशी झालाय.

१८ नोव्हेंबर १९६६ ला बेव्हर्ली हिल्समधल्या हॉटेलात त्यानं पत्रकारांना बोलावून निवृत्ती जाहीर केली. गोळ्यांनी गुंगलेल्या डोक्यानं आणि इंजेक्शनं टोचलेल्या हातानं आणखी एखादं वर्ष ओढायचं, की उरलेलं सगळं आयुष्य धड शरीरानं जगायचं, असा हिशेब त्यानं मांडून दाखवला. हा निर्णय रागात किंवा अचानक घेतलेला नव्हता. १९६६ हे शेवटचं वर्ष, हे त्यानं वर्षभर आधीच फिल कोलियर या पत्रकाराला सांगितलं होतं आणि कोलियरनं ते पोटात ठेवलं. म्हणजे पगारासाठी भांडतानाही त्याला शेवट ठाऊक होता आणि शेवटच्या हंगामातला प्रत्येक चेंडू तो जाणून टाकत होता.

लोक हळहळतात की किती विक्रम राहिले. मला वाटतं, ज्या माणसानं १९६१ मध्ये जोर कमी करायला शिकून घेतलं, त्यालाच १९६६ मध्ये हात खाली ठेवता आला. शरीराचं ऐकायचं, हे तो एकदा शिकला होता. शेवटचा सामना, बाल्टिमोरविरुद्धचा, तो हरला. पाचव्या इनिंगमध्ये विली डेव्हिसनं क्षेत्ररक्षणात तीन चुका केल्या आणि पलीकडे वीस वर्षांच्या जिम पामरनं डॉजर्सना एकही धाव दिली नाही. तरी हा पराभव पुसायला आणखी एक वर्ष राहावं, असं त्याला वाटलं नाही.

उंच माउंडमुळे त्याचे आकडे फुगलेत, असं म्हणतात.

त्यात तथ्य आहे. १९६३ ते १९६८ या काळात स्ट्राइकचं क्षेत्र मोठं होतं, माउंड १५ इंचांचा होता. १९६९ मध्ये तो १० इंचांवर आणला. शिवाय डॉजर स्टेडियम हे पिचरना मानवणारं मैदान. तिथे कोफॅक्सचा ईआरए १.३७ आहे, बाहेर त्याहून बराच जास्त. उलट १९५८ ते १९६१ मध्ये डॉजर्स ज्या कोलिझियमवर खेळले, तिथे डावीकडची भिंत फक्त २५१ फुटांवर होती आणि डावखुऱ्या पिचरचा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून आकडे जरा सांभाळून वाचावेत, एवढं मी मान्य करते. पण त्याच माउंडवरून, त्याच वर्षांत बाकीचेही सगळे चेंडू टाकत होते. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तेव्हा दोन्ही लीग मिळून एकालाच मिळायचा. तो त्यानं १९६३, १९६५ आणि १९६६ मध्ये जिंकला, तिन्ही वेळा एकमतानं.

निवृत्तीनंतर काय केलं?

काही वर्षं टीव्हीवर समालोचन केलं, ते त्याला मानवलं नाही आणि करार अर्धवट सोडला. १९७२ मध्ये, ३६ व्या वर्षी, थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, इतक्या लहान वयात कुणाचीच झाली नव्हती. त्याचा ३२ क्रमांक त्याच वर्षी डॉजर्सनी कायमचा राखून ठेवला. १९७९ पासून दहाएक वर्षं डॉजर्सच्या मायनर लीगमध्ये तरुण पिचरना शिकवलं. मुलाखती जवळपास नाहीतच. २०२२ च्या जूनमध्ये डॉजर स्टेडियमबाहेर डॉजर्सच्याच जॅकी रॉबिन्सनच्या पुतळ्याजवळ त्याचा पुतळा उभा राहिला, एक पाय उंच उचललेला, फेकीच्या ऐन तयारीत.

आजचे पिचर इतके कमी का टाकतात?

कोफॅक्ससारख्यांचे हात बघूनच. १९६६ मध्ये त्यानं एकट्यानं २७ पूर्ण सामने टाकले, अलीकडे सगळे तीस संघ मिळून एका हंगामात साधारण तेवढेच होतात. आता चेंडू मोजले जातात, शंभराच्या आसपास मॅनेजर उठतो. तरीही कोपरं फाटतातच, कारण आता प्रत्येक चेंडू कमाल वेगानं टाकायचा असतो.

भारतीय पिचर कुणी झालाय का?

उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, दोघेही भालाफेक करणारे. टीव्हीवरच्या स्पर्धेतून पुढे आले आणि २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. मायनर लीगपर्यंत पोचले, रिंकू डावखुरा होता.

त्याचा एकच सामना बघायचा तर कुठला?

१४ ऑक्टोबर १९६५, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, मिनेसोटात. तीन दिवस आधीच त्यानं पाचवा सामना ७-० असा जिंकला होता, म्हणजे मधे विश्रांतीचे दोनच दिवस. ड्राइसडेलला एक दिवस जास्त मिळाला होता, तरी ऑल्स्टननं चेंडू कोफॅक्सला दिला. सुरुवातीलाच कळलं की कर्व्ह पडतच नाहीये. मग बघा काय होतं: कॅचर जॉन रोझबोरोच्या हातमोजाकडे जवळपास एकच चेंडू येत राहतो, फास्टबॉल. समोर हार्मन किलब्रूसारखा बॅटर, त्यालाही माहीत आहे काय येणार.

लू जॉन्सनच्या होम रननं, म्हणजे थेट मैदानाबाहेरच्या फटक्यानं, चौथ्या इनिंगमध्ये डॉजर्स पुढे गेले. पाचव्यात जिम गिलियमनं तिसऱ्या बेसवर एक अवघड चेंडू अडवला, तो सुटला असता तर सामना फिरला असता. नवव्यात किलब्रूची हिट बसते, धावफलक २-०, एक फटका आणि बरोबरी. कोफॅक्स चेंडू हातात घेऊन उभा राहतो, घाम पुसतो. अर्ल बॅटी स्ट्राइकआउट. बॉब ॲलिसन स्ट्राइकआउट. रोझबोरो धावत येतो, तर हा माउंडवरून नुसता चालत खाली उतरतो, उडी नाही, आरोळी नाही, डावा हात शरीराशी धरलेला.